आई-बाबांचं ग्रीनकार्ड आणि उत्पन्नाची अट: आय-८६४ नेमका कुठे अडतो

आई-बाबांना अमेरिकेत कायमचं आणायचं ठरलं की सगळ्यांचं लक्ष आय-१३० कडे (नातं दाखवणाऱ्या पहिल्या अर्जाकडे) असतं, आणि केस अडते ती आय-८६४ वर, म्हणजे अ‍ॅफिडेव्हिट ऑफ सपोर्टवर (येणाऱ्या माणसाचा आर्थिक भार मी उचलेन, अशी स्पॉन्सरची लेखी हमी). चांगली नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, टॅक्स वेळेवर भरलेला आहे, तरी कागद परत येतात. बहुतेक वेळा उत्पन्न कमी पडलेलंच नसतं. घरातली माणसं चुकीची मोजलेली असतात, आकडा भलत्याच ओळीतला टाकलेला असतो, नाहीतर ज्याची सही हवी त्याचा फॉर्मच जोडलेला नसतो. आणि येणाऱ्या पत्रात नेमकं काय चुकलं हे सरळ कधी सांगतील तर शपथ, सगळ्यांना तोच छापील मजकूर, त्यातून आपलं काय ते आपणच शोधायचं.

पात्रता थोडक्यात सांगते. स्पॉन्सर करणारा अमेरिकन सिटिझन पाहिजे आणि वयाची २१ पूर्ण पाहिजेत. ग्रीनकार्डवर आई-वडिलांना स्पॉन्सर करता येत नाही, कितीही वर्षं झालेली असोत. दोघांसाठी दोन वेगळे आय-१३०, पुढे दोन वेगळे आय-८६४, बाबांच्या अर्जात आई आपोआप येत नाही. आई-बाबा भारतात असतील तर आय-८६४ सुरुवातीला जोडायचा नसतो, आय-१३० मंजूर होऊन केस एनव्हीसीकडे (नॅशनल व्हिसा सेंटरकडे) गेली की फी भरून तिथे अपलोड करायचा. तिथलं पत्र आलं आणि वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर केस बंद होऊ शकते, त्यामुळे 'बघू सावकाश' करत बसू नका.

आता मुख्य मुद्दा. तुमचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के पाहिजे, आणि ही रेषा घरात माणसं किती त्यावर ठरते. २०२५ च्या तक्त्यात दोन माणसांसाठी २६,४३७ डॉलर, तिघांसाठी ३३,३१२, चौघांसाठी ४०,१८७, पाच जणांसाठी ४७,०६२ आणि सहा जणांसाठी ५३,९३७ डॉलर असे आकडे होते. अलास्का आणि हवाईला वेगळे आणि जास्त. तक्ता दरवर्षी बदलतो, तो आय-८६४पी नावाच्या कागदावर असतो, मित्राने दोन वर्षांपूर्वी वापरलेला आकडा उचलू नका.

माणसं मोजताना काय होतं की लोक घरात कोण राहतं ते मोजतात. तसं नाहीये. तुम्ही स्वतः, नवरा किंवा बायको, २१ च्या आतली तुमची अविवाहित मुलं (शिकायला दुसऱ्या शहरात असली तरी), टॅक्स रिटर्नवर डिपेंडंट दाखवलेलं आणखी कोणी, ज्याला आणताय ती व्यक्ती, आणि आधी कधी तुम्ही दुसऱ्या कोणासाठी आय-८६४ वर सही केली असेल आणि ती जबाबदारी अजून चालू असेल तर तो माणूससुद्धा. हे शेवटचं हमखास विसरतात. सात-आठ वर्षांपूर्वी मित्राच्या सासूबाईंसाठी जॉइंट स्पॉन्सर (मूळ स्पॉन्सरचं उत्पन्न पुरत नसेल तर सोबत हमी देणारा) म्हणून सही केलेली असते, त्या आता कुठे राहतात हेही माहीत नसतं, पण तुमच्या मोजणीत त्या आहेत.

आई आणि बाबा दोघांची केस एकत्र चालू असेल तर? आईला आधी ग्रीनकार्ड मिळालं की बाबांच्या फॉर्मवर आईला धरावंच लागतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते की सुरुवातीपासूनच दोघांना धरून हिशोब करा. नवरा, बायको, दोन मुलं आणि आई-बाबा म्हणजे सहा, २०२५ च्या तक्त्याप्रमाणे आकडा ५३,९३७. पाच धरून काठावर पास झालात आणि ऑफिसरने सहा मोजले की संपलं.

दुसरी मोठी अडचण उत्पन्नाच्या आकड्याची. फॉर्म दोन गोष्टी विचारतो आणि लोक त्या एकच समजतात. एक म्हणजे तुमचं आत्ताचं वार्षिक उत्पन्न, आणि दुसरं मागच्या रिटर्नवरचं टोटल इन्कम. टोटल इन्कम म्हणजे १०४० ची (टॅक्स रिटर्नच्या मुख्य फॉर्मची) ९ वी ओळ. डब्ल्यू-टू वरचा (कंपनी वर्षाच्या पगाराचा दाखला देते त्यावरचा) पगार तिथे टाकायचा नाही, अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कमही (काही वजावटी गेल्यावरचं उत्पन्न) नाही. स्वतःचा धंदा असेल तर खर्च वजा जाऊन उरलेला नफाच धरतात, आणि इथे बऱ्याच जणांना धक्का बसतो, कारण टॅक्स वाचवायला वर्षभर खर्च दाखवून नफा खाली आणलेला असतो, मग गल्ल्यात लाखभर डॉलर आले तरी कागदावर वीस-बावीस हजारच उरतात. पुढच्या एक-दोन वर्षांत आई-बाबांना आणायचं असेल तर सीएशी हे आत्ताच बोलून ठेवा.

पण निर्णय मुख्यतः आत्ताच्या उत्पन्नावर होतो. मागच्या वर्षी सहा महिने नोकरी नव्हती पण आता आहे, तर घाबरू नका, कंपनीचं पत्र आणि मागच्या सहा महिन्यांच्या, किंवा जेवढ्या असतील तेवढ्या पे-स्टब (पगाराच्या स्लिपा) जोडा. उलट मागच्या वर्षी भरपूर कमावलं आणि आता ले-ऑफ झालाय, तर जुना रिटर्न वाचवणार नाही.

रिटर्नच्या कॉपीऐवजी आयआरएसचं (टॅक्स खात्याचं) ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नचा अधिकृत उतारा द्या, फुकट मिळतं आणि ते दिलं की सहसा डब्ल्यू-टू जोडावे लागत नाहीत. मात्र डाउनलोड करताना 'टॅक्स रिटर्न ट्रान्सक्रिप्ट'च घ्या. शेजारीच 'अकाउंट ट्रान्सक्रिप्ट' असतं, घाईत लोक तेच उतरवतात आणि मग दोन महिने वाया. नवरा-बायकोचा रिटर्न जॉइंट असेल आणि फक्त तुमचंच उत्पन्न दाखवताय, तर ट्रान्सक्रिप्ट असूनही डब्ल्यू-टू लावावे लागतात, नाहीतर दोघांपैकी कोणाचं किती हे त्यांना कळणार कसं?

आता सगळ्यात जास्त पाहिलेली चूक. एका ताईंचं उदाहरण सांगते. सिटिझन त्या, आई त्यांची, पण मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेली. 'माझं उत्पन्नच शून्य, मी काय लिहू' म्हणून त्यांनी नवऱ्याचा आय-८६४ भरून दिला आणि स्वतःचा दिलाच नाही. परत आला. नियम असा आहे की ज्याने आय-१३० भरलाय त्याने आय-८६४ भरायचाच, उत्पन्न शून्य असलं तरी शून्य लिहून भरायचा. नवरा त्याच घरात राहतो, मग त्याने आय-८६४ए वर सही करून आपलं उत्पन्न बायकोच्या उत्पन्नात मिळवायचं. त्या ८६४ए वर दोघांच्याही सह्या लागतात, एकाची राहिली तरी फॉर्म बाद.

घरातल्यांचं मिळूनही पुरत नसेल तर जॉइंट स्पॉन्सर. तो नातेवाईक असायची गरज नाही, पण सिटिझन किंवा ग्रीनकार्डवाला, १८ च्या पुढचा आणि अमेरिकेत राहणारा पाहिजे. त्याचं उत्पन्न तुमच्यात मिळवत नाहीत, त्याला त्याच्या घरची माणसं अधिक तुमची आई एवढ्यांसाठी पूर्ण आकडा गाठावा लागतो. 'मी चाळीस, तो वीस, झाले साठ' असं चालत नाही.

मालमत्ता दाखवता येते, पण कमी पडणाऱ्या रकमेच्या पाचपट. ७,००० डॉलर कमी पडत असतील तर ३५,००० ची मालमत्ता, तीही वर्षभरात रोख करता येईल अशी. घराची किंमत कर्ज वजा करून धरायची. गाडी एकच असेल तर ती धरत नाहीत. आई-बाबांच्या नावावरचा भारतातला फ्लॅटसुद्धा चालतो, हे फार जणांना माहीतच नसतं, मालकीचे कागद आणि व्हॅल्युएशन मात्र व्यवस्थित हवं आणि पैसे भारताबाहेर आणता येतात हेही दाखवावं लागतं. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, त्यामुळे आई-बाबा दोघांच्या नावावर असेल तर सहसा अडत नाही.

तारखांचं दोन ठिकाणी चुकतं. मार्चमध्ये फॉर्म अपलोड केला तेव्हा जुन्या वर्षाचा रिटर्न चालला, पण इंटरव्ह्यू १५ एप्रिलनंतर आला की ऑफिसर नवा मागू शकतो, तेव्हा नवं ट्रान्सक्रिप्ट आई-बाबांच्या फाइलमध्ये आधीच देऊन ठेवा. कॉन्सुलेटच्या खिडकीसमोर सत्तरीच्या माणसाला मुलाच्या टॅक्सबद्दल विचारलं तर ते बिचारे काय सांगणार. आणि आई-बाबा इथेच असून अर्ज युएससीआयएसकडे (अमेरिकेतल्या इमिग्रेशन खात्याकडे) असेल आणि आरएफई (आणखी कागद मागणारं पत्र) आली, तर पत्रातली शेवटची तारीख ही उत्तर त्यांच्याकडे पोचायची असते, तुम्ही पोस्टात टाकायची नाही. एकदाच संधी असते, सगळे कागद एकत्रच पाठवा.

सही करण्याआधी, विशेषतः मित्रासाठी जॉइंट स्पॉन्सर होताना, हे वाचा. ही जबाबदारी ती व्यक्ती सिटिझन होईपर्यंत, किंवा तिच्या नावावर कामाचे ४० क्वार्टर्स (तिमाह्या) जमेपर्यंत (साधारण दहा वर्षं), किंवा ती ग्रीनकार्ड सोडून कायमची परत जाईपर्यंत, नाहीतर दोघांपैकी कोणाचा मृत्यू होईपर्यंत राहते. साठीनंतर आलेले आई-बाबा ४० क्वार्टर्स सहसा करत नाहीत, म्हणजे हे लांबचं काम आहे. घटस्फोट झाला, भांडण झालं, तरी सुटका नाही. आणि तोवर घर बदललं की ३० दिवसांच्या आत आय-८६५ भरून पत्ता कळवायचा, एआर-११ (परदेशी नागरिकांनी पत्ताबदल कळवायचा फॉर्म) भरला की झालं असं समजू नका, तो वेगळा फॉर्म आहे, आणि सिटिझन असलात तरी आय-८६५ तुम्हाला लागू आहेच.