अवतरणचिन्हांतला न दिसणारा प्रिफिक्स

वेब सेवेचं वर्णन करणारी डब्ल्यूएसडीएल फाइल ब्राउझरमध्ये नीट उघडते. एक्सएमएल (मजकूर खुणांमध्ये बांधून लिहिण्याची पद्धत) म्हणून तिच्यात खोट काढता येत नाही. पण तिच्यावरून क्लायंटचा कोड तयार करायला घेतला की टूल अडून बसतं: ‘टीएनएस’ हा प्रिफिक्स (नावाआधी कोलनने जोडलेला भाग) घोषित केलेला नाही. फाइल माणसाने नव्हे, प्रोग्रामने लिहिलेली, म्हणून तर अधिकच चक्रावायला होतं.

नेमस्पेस म्हणजे नावांचं आडनाव. डब्ल्यूएसडीएलमध्ये ‘बाइंडिंग’ नावाचा एलिमेंट (एक्सएमएलचा घटक) आहे आणि त्याच्याच पोटात सोप या संदेशपद्धतीचाही ‘बाइंडिंग’ येतो. दोघांना वेगळं ओळखायचं तर प्रत्येकाला एकेक यूआरआय, म्हणजे वेबपत्त्यासारखी ओळख, जोडावा लागतो. एक्सएमएल नेमस्पेसविषयीच्या १९९९ च्या शिफारशीने ही सोय केली. प्रिफिक्स हे त्या लांबलचक यूआरआयचं टोपणनाव. ते काहीही ठेवा, घोषणा केली की झालं.

मग घोषणा गळते कशी? एलिमेंट आणि अ‍ॅट्रिब्यूट (एलिमेंटच्या खुणेत लिहिलेला गुणधर्म) यांच्या नावांतले प्रिफिक्स पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, तपासतो. पण डब्ल्यूएसडीएलमध्ये ‘टीएनएस:ऑर्डर’ असे उल्लेख अ‍ॅट्रिब्यूटच्या किमतीत, अवतरणचिन्हांच्या आत असतात. पार्सरच्या लेखी तो नुसता मजकूर. फाइल लिहिणारा प्रोग्रामही बरेचदा नावांपुरतंच पाहतो आणि टीएनएस कुठेच वापरात नाही असं समजून त्याची घोषणा लिहीतच नाही. कधी तो नावांना स्वतःच ‘एनएस१’ असा नवा प्रिफिक्स देतो. अवतरणांतला जुना मात्र तसाच राहतो. माझ्या मते हा दोष प्रोग्रामइतकाच मूळ रचनेचाही आहे.

प्रिफिक्स मुळीच न लावणं हा उपाय नव्हे. अ‍ॅट्रिब्यूटच्या नावांना डिफॉल्ट नेमस्पेस (प्रिफिक्स नसताना धरला जाणारा) लागू होत नाही, पण अवतरणांतल्या अशा उल्लेखांना होतो. (हा भेद पहिल्या वाचनात कुणाच्या लक्षात राहत असेल असं वाटत नाही.) नुसतं ‘स्ट्रिंग’ लिहिलं आणि डिफॉल्ट डब्ल्यूएसडीएलचा असला, तर टूल स्ट्रिंग हा प्रकार तिथेच शोधत बसतं.

म्हणून घोषणा मुळाशी, ‘डेफिनिशन्स’ या एलिमेंटवर, कोडमधूनच स्पष्टपणे घालावी. तिचा यूआरआय टार्गेट नेमस्पेसशी, म्हणजे फाइलने स्वतःच्या नावांसाठी ठरवलेल्या नेमस्पेसशी, अक्षरशः जुळायला हवा, कारण तुलना एकेका अक्षराची होते: शेवटची तिरकी रेघ सुटली किंवा लहान अक्षराचं मोठं झालं की नेमस्पेस दुसरा. तयार फाइल हाताने दुरुस्त करण्याचा मोह होतो. पुढच्या बिल्डला, म्हणजे फाइल पुन्हा तयार झाली की, ती दुरुस्ती पुसली जाते.