मुक्त ज्ञानवाटप (गोवा)

आपल्याला जे ठाऊक आहे ते मोबदला न घेता लिहून ठेवावे, दुसऱ्याने त्यात भर घालावी, तिसऱ्याने चूक दाखवावी आणि हे सगळे कोणालाही सापडेल अशा उघड्या जागी राहावे, या रीतीला मुक्त ज्ञानवाटप म्हणतात. इंटरनेटवर ही रीत जुनीच आहे. १९८० मध्ये सुरू झालेल्या यूजनेटवरचे विषयवार चर्चागट कोणा एका कंपनीच्या मालकीचे नव्हते. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा बहुधा एकमेकांना अनोळखी असत.

गोवेकर या वाटेवर लवकर आले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले, पण जगभर पांगलेल्या गोवेकरांना ई-टपालाने जोडणारे ‘गोवानेट’ त्याआधी, १९९४ मध्येच, परदेशातून सुरू झाले होते.

गोव्यातले या रीतीचे सर्वांत मोलाचे उदाहरण मात्र कोकणी विश्वकोशाचे आहे. गोवा विद्यापीठाने चार खंडांत प्रसिद्ध केलेला हा कोश २०१३ मध्ये विद्यापीठानेच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मुक्त परवान्याखाली दिला. श्रेय नोंदवा आणि त्यावर बेतलेले नवे कामही याच अटींवर सर्वांना खुले ठेवा, एवढेच बंधन. मजकूर कोणीही वापरावा, सुधारावा, पुन्हा छापावा. कपाटातले चार जाड खंड त्यामुळे पुढच्या लिहिणाऱ्यांच्या हाती कच्चा माल म्हणून आले. कोकणी विकिपीडिया २०१५ मध्ये स्वतंत्रपणे सुरू झाला. सरकारी पैशांतून तयार झालेले प्रत्येक संदर्भसाहित्य असेच खुले व्हायला हवे.

गोव्यातल्या मराठी वाचकालाही हा कोश परका नाही, कारण लिपी देवनागरीच आहे. मराठीत लिहायचे तर १ मे २००३ पासूनचा मराठी विकिपीडिया आहे. तिथल्या सामाईक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हणतात, आणि हे नाव नेमके आहे: बसायला कोणाची परवानगी लागत नाही, बोललेले सर्वांसमोर राहते. प्रत्येक बदलाचा इतिहासही पाहता येतो.

आज माहिती देणारे कमी झालेले नाहीत. त्यांचे लिहिणे बंद दारांआड गेले आहे. खाजन शेतीचेच, म्हणजे खाडीकाठी बांध घालून खारे पाणी अडवून केलेल्या शेतीचेच पाहा. खाडीकाठच्या बांधाला बसवलेल्या मानशीची, म्हणजे पाण्याची ये-जा राखणाऱ्या झडपेची, दारे भरतीच्या पाण्याने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात. खारेपणा सोसणारे कोरगुट भात कोणत्या शेतात तग धरते, हेही गावातल्या जाणत्यांना ठाऊक असते. हा तपशील कोणीतरी मनापासून व्हॉट्सॲप गटात लिहितो, दोनशे जण वाचतात, आणि आठवड्याभरात तो शुभेच्छांच्या चित्रांखाली गाडला जातो. गटाबाहेरच्या माणसाला तो शोधूनही मिळत नाही. म्हणून मुक्त ज्ञानवाटपाच्या पुनरुज्जीवनाचे पहिले काम अगदी साधे आहे: लिहिणाऱ्याची संमती घेऊन तोच मजकूर उघड्या पानावर, तारीख, गाव आणि परवाना यांसह ठेवणे. मात्र विकिपीडियावर प्रसिद्ध संदर्भ लागतो, नुसती आठवण चालत नाही. तोंडी ज्ञानासाठी गावाचे किंवा वाचनालयाचे स्वतःचे संकेतस्थळ अधिक सोयीचे.

जुन्या छापील मजकुराची वाट त्याहून सोपी आहे. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा स्वामित्वहक्क (कॉपीराइट) त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. त्या मुदतीबाहेर गेलेली गोमंतकीय मराठी पुस्तके घरोघरी वाळवीची वाट पाहत पडली आहेत. ती स्कॅन करून विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त ग्रंथालयरूपी भावंड-संकेतस्थळावर, चढवायला कोणाचीही परवानगी लागत नाही.