पिंक फ्लॉइड ऐकताना आणि वाजवताना: डेव्हिड गिलमोरच्या गिटारच्या आवाजाविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

'गिलमोरसारखा आवाज येणारं पेडल (पायाने चालू-बंद करायचं, आवाज बदलणारं छोटं यंत्र) द्या' अशी मागणी आमच्याकडे नेहमी होते. असं एकच पेडल मिळत नाही. तो आवाज बनतो सुरात लागलेल्या बेंडमधून (तार बोटाने ताणून स्वर चढवणं), मोठ्या पण स्वच्छ अँपमधून, बेताच्या फझमधून (आवाज मुद्दाम फाडणारं पेडल) आणि नीट मोजून लावलेल्या डिलेमधून (पडसाद देणारं पेडल). खर्चाचा क्रम साधारण असा ठेवावा: आधी गिटारची सेटिंग आणि तारा, मग अँप, मग डिले आणि सगळ्यात शेवटी फझ. बहुतेक जण नेमकं उलट करतात, आणि महागडं पेडल चार महिन्यांत विकायला काढतात.

आधी काय ऐकायचं

पिंक फ्लॉइड हा बँड १९६५ साली लंडनमध्ये सुरू झाला. सुरुवातीचा गिटारवादक आणि गीतकार सिड बॅरेट. १९६७ चा पहिला अल्बम त्याच्याच डोक्यातून आलेला आहे. गिलमोर त्यानंतर आला आणि १९६८ च्या वसंतात बॅरेट बाहेर पडला. त्यामुळे ज्यांना गिलमोरची गिटार हवी आहे त्यांनी पहिल्या अल्बमपासून सुरू करू नये. तो उत्तम आहे, पण तो वेगळाच बँड आहे.

आमचा सल्ला असा: 'विश यू वेअर हिअर' (१९७५) आधी. मग 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३), 'मेडल' (१९७१) मधलं तेवीस मिनिटांचं 'एकोज', आणि मग 'अ‍ॅनिमल्स' (१९७७). 'द वॉल' (१९७९) शेवटी. त्यातली दोन-तीन गाणी सगळ्यांनी ऐकलेली असतात, पण ती दोन तबकड्यांची एक सलग कथा आहे. सुटी गाणी ऐकून ती हाती लागत नाही.

फोनवर ऐकत असाल तर अ‍ॅपमधलं क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यावर चढवणारी सोय) बंद करा, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न पडू देणारी सोय) सुरू ठेवा, शफल बंद ठेवा. या अल्बमांत एक गाणं दुसऱ्यात विरघळतं. मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता आली तरी जोड तुटतो. इक्वलायझरही सपाट ठेवा. 'बास बूस्ट' लावला की बँडचा कीबोर्डवादक रिचर्ड राइटचा ऑर्गन दबतो, आणि गिलमोरची गिटार उभी असते ती त्या ऑर्गनवर आणि सिंथवर. एकदा फक्त राइट काय करतोय तेवढंच ऐका. गिटारवादकाला इतक्या मोकळ्या जागा सोडता का येतात ते लगेच कळतं.

हात आणि यंत्रं बघायची असतील तर ऑक्टोबर १९७१ मध्ये पॉम्पेईच्या रिकाम्या रोमन रंगमंडळात चित्रित झालेली मैफल बघावी. काळी स्ट्रॅटोकास्टर गिटार, हायवॉट अँप, इको यंत्र, सगळं कॅमेऱ्यात जवळून दिसतं.

'मनी' या गाण्याचा मूळ तुकडा सात मात्रांचा आहे. रूपक ताल ऐकलेल्या कानाला सात मोजणं जड नाही, फक्त ३-२-२ चे खंड डोक्यातून काढून सरळ एक ते सात मोजा. सॅक्सोफोनचा सोलो सातातच आहे, आणि गिटारचा सोलो सुरू होताच गाणं चारात येतं. ही जागा ओळखता आली नाही तर सोबत वाजवताना पहिल्याच ओळीत घसरायला होतं.

त्याच्याकडे नेमकं काय होतं

काळी फेंडर स्ट्रॅटोकास्टर (थोडक्यात स्ट्रॅट) गिलमोरने १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये घेतली. २०१९ मध्ये तिचा लिलाव झाला आणि ३९,७५,००० डॉलर आले. ती रक्कम हवामानबदलाच्या कामाला गेली. अँप हायवॉट डीआर १०३, शंभर वॅटचा, आणि त्याला वेम कंपनीचे चार-बाय-बारा इंची स्पीकरचे डबे. फझ आधी फझ फेस, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून बिग मफ. इको इटलीतल्या मिलानमध्ये बनणारा बिन्सन एकोरेक. त्यात टेप नसते, फिरणाऱ्या चुंबकीय चकतीभोवती चार प्लेबॅक हेड बसवलेली असतात. एकाहून अधिक हेड चालू केली की वेगवेगळ्या अंतरांचे पडसाद एकमेकांत गुंततात. 'वन ऑफ दीज डेज' च्या सुरुवातीची धडधड म्हणजे याच यंत्रातून गेलेल्या दोन बास गिटार. एक बँडचा बासवादक रॉजर वॉटर्सची, दुसरी गिलमोरची.

मात्र 'अनदर ब्रिक इन द वॉल, भाग २' चा सोलो स्ट्रॅटवरचा नाही. तो पी-९० पिकअपच्या (पिकअप म्हणजे तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) सोनेरी लेस पॉल गिटारवर वाजवलेला असून गिटार थेट मिक्सरच्या डेस्कमध्ये लावलेली होती. स्ट्रॅटवर त्याच्या जवळ जायचं असेल तर नेक (मानेकडचा) पिकअप, कॉम्प्रेसर (आवाजाची पातळी सारखी ठेवणारं पेडल) आणि अगदी थोडा ड्राइव्ह वापरा. फझ लावलात की तो सोलो हातातून गेला म्हणून समजा.

गिटार आणि तारा

गिलमोरच्या नावाने विकल्या जाणाऱ्या स्ट्रॅटच्या संचात जाड्या (इंचाच्या हजारांशात) अशा असतात: १०, १२, १६, २८, ३८, ४८. नेहमीच्या दहाच्या संचात दुसरी तार १३ ची आणि तिसरी १७ ची असते. फरक छोटा वाटतो, पण दोन्ही तारा किंचित बारीक असल्यामुळे लांब बेंड सुखाने होतात, आणि खालच्या तारा जाड असल्याने आवाजाला बूड राहतं.

जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटचा फ्रेटबोर्ड जास्त गोलाकार असतो, त्रिज्या सव्वासात इंच. अशा गिटारवर तारा फार खाली घेतल्या तर वरच्या फ्रेटवर बेंड करताना तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि स्वर मरतो. पिकअप बिघडलाय असं समजून लोक गिटार घेऊन येतात. बाराव्या फ्रेटवर पहिली तार १.६ ते १.८ मिलिमीटर आणि सहावी २ मिलिमीटरच्या आसपास ठेवली की ही अडचण बहुधा सुटते. साडेनऊ इंच त्रिज्येवर थोडं खाली जाता येतं.

ट्रेमोलो ब्रिज (बार म्हणजे दांडी दाबून तारांचा स्वर हलवणारा तारांचा आधार) हवेत तरंगता ठेवला असेल तर एक तार बेंड करताना बाकीच्या पाचही उतरतात, म्हणून दोन तारा एकत्र वाजवल्या की बेसूर लागतं. मागच्या स्प्रिंग आवळून ब्रिज बॉडीला टेकवून घ्या. गिलमोर बारचा वापर स्वर थरथरवण्यासाठी हलक्या हाताने करतो, त्याचा बारही आखूड कापलेला होता. खाली दाबून परत येण्याइतकी हालचाल टेकलेल्या ब्रिजवरही मिळते. नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत तार अडकून 'टिंग' असा आवाज येत असेल तर तार सैल करून खाचेत शिसपेन्सिलचं टोक फिरवा.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या पावसाळी हवेत साध्या निकेलच्या तारा फार लवकर गंजतात. गंजलेल्या तारेवर बेंड अडखळतो आणि फ्रेटही झिजतात. वाजवून झाल्यावर तारा खालून-वरून कोरड्या कापडाने पुसा. जून ते सप्टेंबर कोटेड (लेप दिलेल्या) तारा परवडतात.

बेंड: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

गिलमोरचा बेंड म्हणजे मींड आहे. कुठून निघायचं, कुठे पोचायचं आणि वाटेत किती रेंगाळायचं हे ठरलेलं असतं. एक स्वर वरचे बेंड सगळेच करतात. तो दोन स्वरांपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो, आणि एकाच आघातात टप्प्याटप्प्याने चढतो.

सराव असा करा. इलेक्ट्रॉनिक तानपुरा किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी पाचवर लावा, पंचमासह. दुसऱ्या तारेचा पंधरावा फ्रेट आधी वाजवा, तो तानपुऱ्याचा पंचम आहे की नाही ते कानाने ताडून बघा. नसला तर गिटारची ट्यूनिंग तपासा. मग त्याच तारेवर तेराव्या फ्रेटवरून बेंड करून नेमका तोच स्वर गाठा. तेरावरून पंधराचा स्वर पक्का झाला की सोळाचा, मग सतराचा. तिसऱ्या बोटाने तार ढकला, पहिलं आणि दुसरं बोट त्याच तारेवर मागे आधाराला ठेवा, अंगठा मानेवरून वर आणा. जोर मनगटाच्या फिरकीतून आला पाहिजे, नुसत्या बोटाने ढकललं तर आठवड्यात सांधा दुखतो. कंप देण्याची घाई करू नका. स्वर पोचला, स्थिर झाला, मग कंप. बेंड थोडा कमी पडला आणि त्यावर कंप दिला तर तो चुकलेला स्वरच जास्त ठळक होतो.

'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' सुरू होतं जी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी पाचवर. मायनर पेंटॅटॉनिकचे पाच स्वर हे धानी रागाचेच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. चलन अर्थातच वेगळं, पण बोटं कुठे ठेवायची हे कळायला मदत होते. आणि ती प्रसिद्ध चार स्वरांची घंटेसारखी ओळ म्हणजे बी फ्लॅट, एफ, जी, ई. जी ला सा धरलं तर कोमल ग, कोमल नी, सा आणि शुद्ध ध. हुरहूर लावतो तो शेवटचा शुद्ध धैवत. मायनरच्या काळोख्या पायावर तो अनपेक्षित उजेडासारखा येतो. चारही स्वर एकमेकांत घुमू द्या, तारा मध्येच दाबू नका.

अँप आणि पेडलची मांडणी

घरी शंभर वॅटचा काहीच उपयोग नाही, पण स्वच्छ आवाजाला वाव हवा. पाच वॅटचा छोटा व्हॉल्व्ह अँप लवकर फाटतो, त्यावर बिग मफ लावला की नुसता गाळ ऐकू येतो. वीस ते चाळीस वॅटचा, बारा इंची स्पीकरचा सॉलिड स्टेट किंवा मॉडेलिंग अँप 'क्लीन' वर ठेवून यापेक्षा चांगलं काम देतो. सुरुवात बास ४, मिडल ६ ते ७, ट्रेबल ५, रिव्हर्ब शून्य अशी करा. मोकळेपणा डिलेतून येणार आहे.

क्रम: गिटार, फझ फेस जातीचा फझ, कॉम्प्रेसर, बिग मफ, ओव्हरड्राइव्ह, फ्लँजर किंवा युनिव्हाइब जातीचं पेडल, डिले, अँप. फझ फेस सगळ्यात पुढे का? त्याला गिटारचा पिकअप थेट 'दिसावा' लागतो. मध्ये बफर (सिग्नल सावरणारं सर्किट) असलेलं पेडल किंवा वायरलेस आलं की आवाज कर्कश होतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणून आवाज स्वच्छ करण्याची त्याची खुबी जाते.

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ घेताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, तो उष्णतेला नाजूक असतो. एप्रिल-मे मध्ये बंद खोलीत आवाज तुटक, गुदमरल्यासारखा येऊ लागतो, आणि ते पेडल बिघडलेलं नसतं. सिलिकॉनचा फझ हा त्रास देत नाही, शिवाय गिलमोरने 'टाइम' चा सोलो वाजवला त्या काळात तोही सिलिकॉनकडे वळला होता. दुसरं, पीएनपी जर्मेनियम फझची जमीन (ग्राउंड) बहुधा धन असते. त्याला बाकीच्या पेडलांच्या सामायिक अ‍ॅडाप्टरवर लावलं तर शॉर्ट होतो. त्याला बॅटरी किंवा पूर्ण स्वतंत्र आउटपुट द्या.

बिग मफवर सस्टेन साठ टक्के, टोन निम्म्याच्या जरा खाली. घरी एकट्याने वाजवताना झकास वाटणारा मफ बँडमध्ये गायब होतो, कारण त्याच्या आवाजात मधला पट्टा खोल गेलेला असतो आणि गिटार ऐकू येते ती त्याच पट्ट्यात. मफच्या मागे कमी गेनचा ओव्हरड्राइव्ह कायम चालू ठेवा, त्याचा मधला पट्टा खड्डा भरून काढतो. 'कम्फर्टेबली नंब' च्या दुसऱ्या सोलोसाठी हीच जोडी, ब्रिज पिकअप आणि डिले. गेन वाढवायचा मोह आवरा. लांबणारा स्वर अर्धा बोटांतून आणि अर्धा डिलेतून येतो.

डिलेचं गणित सोपं आहे. ६०,००० ला गाण्याच्या लयीने भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. 'रन लाइक हेल' ची लय मिनिटाला ११७ च्या आसपास आहे: ६०,००० भागिले ११७ म्हणजे ५१३. त्याचं पाऊणपट ३८५. गिलमोरचा डिले ३८० च्या जवळ होता, गणित जुळतं. या गाण्यात पडसाद मूळ आवाजाइतकाच मोठा ठेवा, कारण तो स्वतः ताल धरतो. सोलोसाठी मात्र ३०० ते ४५० मिलिसेकंद, चार-पाच पडसाद आणि मिक्स वीस-पंचवीस टक्के पुरे. डिले बंद केल्यावरच तो होता हे कळावं, इतपतच. डिले फझच्या आधी लावला तर प्रत्येक पडसाद पुन्हा फाटतो आणि लगदा होतो. फाटका आवाज अँपच्याच प्रीअँपमधून घेत असाल तर डिले इफेक्ट्स लूपमध्ये (अँपमधली प्रीअँपनंतरची जोडणी) टाका.

'एकोज' च्या मध्यावरचा पक्ष्यासारखा चीत्कार वाह पेडल (पायाने आवाजाचा रंग बदलणारं) उलटं लावून काढलेला आहे: गिटार आउटपुटमध्ये, अँप इनपुटमध्ये, आणि स्वर बदलायचा गिटारच्या टोन नॉबने. जुन्या बांधणीच्या, बफर नसलेल्या वाहवरच हे होतं. आवाज एकदम किंचाळतो, म्हणून आधी अँपचा व्हॉल्यूम एकवर आणा, हेडफोन मुळीच लावू नका.

घुरघुर येत असेल तर

स्ट्रॅटचे सिंगल कॉइल पिकअप आणि फझ एकत्र आले की घुरघुर येणारच. पण तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल तर आधी घरातलं अर्थिंग तपासा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अ‍ॅडाप्टरमधून लावलेला असणं हे आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींचं नेहमीचं कारण आहे, आणि व्हॉल्व्ह अँपच्या बाबतीत ते जीवावर बेतू शकतं. बारीक शिटीसारखा आवाज येत असेल तर डिजिटल डिले आणि अ‍ॅनालॉग फझ एकाच साखळी-वायरवर आहेत का बघा. डिजिटल डिलेला फझपेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. त्याला वेगळा ९ व्होल्टचा, मध्य-ऋण (मधली पिन ऋण असलेला) अ‍ॅडाप्टर द्या आणि पेडलवर छापलेल्या मिलिअँपपेक्षा कमी क्षमतेचा घेऊ नका. अमेरिकेहून आणलेलं यंत्र थेट भिंतीत लावण्याआधी त्यावर ११० की २३० लिहिलंय ते वाचा.

सेटिंगसाठी गिटार आणताना तुम्ही कायम वापरणार त्याच जाडीच्या तारांचा नवा संच सोबत आणा, ट्रेमोलोचा बार आणा, आणि आवाजाची तक्रार असेल तर तुमची स्वतःची केबल, पेडलं आणि अ‍ॅडाप्टरही आणा. दोष पुष्कळदा त्यांच्यातच सापडतो, आणि मग गिटार उघडावीही लागत नाही.