पहिला क्रमांक २८, दुसरा क्रमांक २८

कात्सुहिरो ओतोमो यांच्या ‘अकिरा’ या मंगामध्ये, म्हणजे जपानी चित्रकथेत, ज्या मुलाच्या नुसत्या नावाने लष्कराची झोप उडते, त्याचा प्रयोगशाळेतला क्रमांक आहे २८. नायकाचं आडनाव कानेदा, त्याच्या मित्राचं नाव तेत्सुओ, आणि कर्नलचं आडनाव शिकिशिमा. १९८२ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा तिशीच्या आसपासच्या जपानी वाचकाला ही सगळी मंडळी कुठून आली हे लगेच कळलं असणार. १९५६ साली सुरू झालेल्या ‘तेत्सुजिन २८-गो’, म्हणजे ‘पोलादी माणूस क्रमांक २८’, या मंगात हीच नावं होती. बालपणी वाचलेल्या मंगाला ओतोमोंनी केलेला तो नमस्कार आहे.

पण मला त्यात नमस्काराहून अधिक काही दिसतं. पहिला क्रमांक २८ यंत्रमानव होता, त्याला चालवायला हातात एक पेटी लागायची. दुसरा क्रमांक २८ कुणालाच चालवता येत नाही. मधल्या सव्वीस वर्षांत यंत्र आणि माणूस यांच्यातलं अंतर कसं कमी होत गेलं, हे पाहिलं की जपानी विज्ञानकथेतले यंत्रमानव, बेचिराख शहरं, विषारी जंगलं आणि पोलादी शरीरं कुठून आली याचा बराचसा उलगडा होतो.

यंत्रमानवाची कल्पना जपानमध्ये या मंगांच्या आधीच पोचली होती. ‘रोबो’ हा शब्द जगाला देणारं कारेल चापेक यांचं नाटक १९२४ साली तोक्योच्या त्सुकिजी नाट्यगृहात झालं. राबवून घेण्यासाठी घडवलेली माणसं शेवटी मालकांवर उलटतात, अशी ती गोष्ट. ओसाकाचे जीवशास्त्रज्ञ माकोतो निशिमुरा यांना गुलाम म्हणून घडवलेला हा कृत्रिम माणूस काही पटला नाही. त्यांनी १९२८ साली क्योतोच्या प्रदर्शनात स्वतःचा यंत्रमानव मांडला. त्याचं नाव ‘गाकुतेन्सोकू’, म्हणजे निसर्गाच्या नियमांपासून शिकणारा. रबरी नळ्यांतून हवेचा दाब खेळवला की तो डोळे फिरवायचा, चेहऱ्यावरचे भाव बदलायचा, उजव्या हातातल्या लेखणीने लिहायचा. डाव्या हातात दिवा असायचा. त्याला ओझी उचलायची नव्हती आणि कुणाशी लढायचंही नव्हतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ओसाकाजवळ ओसामु तेझुका जन्मले. शाळकरी वयातच त्यांना लष्करी कारखान्यात कामाला जुंपण्यात आलं. जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात ते थोडक्यात वाचले. पेटलेलं ओसाका आणि नदीकाठची प्रेतं त्यांनी सोळाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिली. युद्धानंतर एकीकडे वैद्यकीय शिक्षण आणि दुसरीकडे चित्रं, असं त्यांचं चालू होतं. त्या काळी ओसाकात ‘आकाहोन’ नावाची स्वस्त पुस्तकं निघत. भडक लाल रंगाची मुखपृष्ठं, हाताला खरखरीत लागणारा कागद, आणि विक्री खाऊ-खेळण्यांच्या दुकानांतून. ‘हरवलेलं जग’, ‘मेट्रोपोलिस’ या तेझुकांच्या सुरुवातीच्या विज्ञानकथा याच बाजारात आल्या. पोट भरण्याची भ्रांत असलेल्या देशातली पोरं चार पैसे साठवून भविष्यातल्या शहरांच्या गोष्टी विकत घेत होती.

एप्रिल १९५२ च्या ‘शोनेन’ मासिकात ‘तेत्सुवान अ‍ॅटम’ सुरू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस जपानवरचा दोस्तराष्ट्रांचा ताबा संपला. अणुबाँब झेललेल्या देशाचा हा बालनायक अणुशक्तीवर चालतो आणि त्याचं नावच ‘अ‍ॅटम’ आहे, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. पण त्या पिढीला अणूचा धसका होता तसा विज्ञानाचा आधारही वाटत होता. दोन्ही एकाच वेळी वाटणं शक्य आहे, हे तेझुकांच्या पानांवर दिसतं.

अ‍ॅटमच्या जन्माची गोष्ट पुन्हा वाचली की दर वेळी मन गलबलतं. डॉक्टर तेन्मांचा मुलगा तोबिओ मोटार अपघातात जातो. दुःखाने वेडेपिसे झालेले तेन्मा हुबेहूब त्याच्यासारखा रोबो बनवतात. काही दिवस आनंदात जातात. मग बापाच्या लक्षात येतं, की पोरगा उंच होत नाहीये. खरा मुलगा वाढला असता. हा कधीच वाढणार नाही. संतापून ते त्याला सर्कशीला विकून टाकतात. प्राध्यापक ओचानोमिझु त्याला तिथून सोडवून आणतात. एक लाख अश्वशक्ती, पायातून निघणाऱ्या ज्वाळा, उडणं वगैरे पुढचं. पाया आहे तो बापाने टाकलेल्या मुलाचा. यंत्र घडवणाऱ्याची जबाबदारी कुठवर, हा प्रश्न जपानी विज्ञानकथेत इथे रुजला आणि अजून तिथून हललेला नाही.

तेझुका एक आठवण सांगत. ताब्याच्या काळात अमेरिकी सैनिकांची भाषा न कळल्यामुळे त्यांना मार खावा लागला होता. अ‍ॅटम सतत दोन गटांच्या मध्ये उभा असतो, माणसं आणि रोबो, पृथ्वीवासी आणि परग्रहवासी, आणि दोघेही त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकत नाहीत. या मांडणीत मला तो मार दिसतो.

‘तेत्सुजिन २८-गो’ त्याच ‘शोनेन’ मासिकात आला. मित्सुतेरु योकोयामा कोबेचे. युद्धात मुलांना गावाकडे हलवलं तेव्हा ते तोत्तोरीत होते. परत आले तर कोबे शहर जळून सपाट झालेलं. बी-२९ विमानांनी हे केलं असं लोक सांगत होते. माणसाच्या हातून घडलेलं एक यंत्र अख्खं गाव पुसून टाकू शकतं, हे त्या वयात मनावर कोरलं गेलं. जर्मनांची व्ही-२ अस्त्रं आणि फ्रँकेन्स्टाइनचा चित्रपट यांचाही आपल्यावर परिणाम झाल्याचं ते सांगत.

म्हणून त्यांचा पोलादी माणूस म्हणजे जपानी लष्कराचं अपुरं राहिलेलं गुप्त अस्त्र आहे. युद्ध संपलं, अस्त्र मागे उरलं. त्याला मन नाही. अ‍ॅटमसारखं तो रडत नाही, हट्ट करत नाही. शोतारो या बालनायकाच्या हातात अँटेना आणि दांडे असलेली एक छोटी पेटी असते आणि ती ज्याच्या हाती, त्याचा तो. पेटी चोरांनी पळवली की तोच राक्षस शहर तुडवतो. पेटी परत मिळाली की तोच शहर वाचवतो. प्रत्येक भागात धडधड वाढते ती रोबोच्या मारामारीने नव्हे, पेटीच्या पळवापळवीने. मंगातल्या महाकाय रोबोंची अवघी परंपरा इथून निघाली आणि तिच्या मुळाशी हत्याराच्या मालकीचा प्रश्न आहे, हे विसरलं की पुढचं सगळं नुसती ठोकाठोकी वाटतं.

डिसेंबर १९६९ मध्ये बाविसाव्या शतकातून आलेलं एक निळं मांजर नोबिताच्या टेबलाच्या खणातून बाहेर पडलं. आपल्याकडे टीव्हीवर हिंदीतून डोरेमॉन बघत मोठी झालेली मराठी पोरं आज कॉलेजात आहेत. ज्यांना मंगा हा शब्दही माहीत नव्हता, त्यांनीही जपानी विज्ञानकथा अशी रोज संध्याकाळी जेवता जेवता बघितली. फुजिको एफ. फुजिओ यांनी ‘एसएफ’ (सायन्स फिक्शन) या अक्षरांची स्वतःची फोड केली होती: ‘सुकोशी फुशिगी’, म्हणजे थोडंसं अजब. घर तेच, शाळा तीच, आईचा ओरडा तोच, आणि त्यात एकच अजब वस्तू. तीही नोबिताच्या हातात पडली की हमखास हाताबाहेर जाते. योकोयामांचीच पेटी ती, फक्त भीती काढून घेतलेली.

१९७२ साली गो नागाई यांनी माणसाला यंत्राच्या आत बसवलं. मोटारींच्या खोळंब्यात अडकलेले असताना त्यांना वाटलं, या गाडीला हातपाय फुटून ती पुढच्यांच्या डोक्यावरून चालत गेली तर? त्यातून ‘माझिंगर झेड’ आला. कोजी कबुतो एका छोट्या यानातून येतो आणि ते यान रोबोच्या डोक्यात बसवतो. आता पेटी चोरीला जाण्याची भीती नाही, पण चालवणारा स्वतःच बिघडला तर? म्हणूनच मरणारे आजोबा नातवाला सांगतात, की याच्या जोरावर तू देव होऊ शकशील किंवा सैतानही.

याच दशकात मुलींच्या मासिकांत घडलं ते मला सर्वांत धाडसी वाटतं आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. मोतो हागिओ यांची ‘अकरा जण आहेत!’ ही कथा १९७५ साली आली. अंतराळ विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेसाठी दहा-दहा जणांचे गट एकेका यानात पाठवतात. एका यानात मोजदाद होते तर निघतात अकरा. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागतो. त्या गटातला फ्रोल अशा जगातून आलाय जिथे वयात येईपर्यंत कुणी स्त्री किंवा पुरुष ठरलेलं नसतं. बंद यानातल्या संशयाच्या गोष्टीत हागिओंनी बाईपण कुणी ठरवायचं हा प्रश्न इतक्या सहज आणून ठेवला, की शाळकरी मुलींनी तो गोष्टीसोबतच वाचला. १९७८ साली जपानच्या विज्ञानकथा-वाचकांच्या ‘सेइउन’ पुरस्कारात मंगाचा विभाग सुरू झाला. पहिला मान मिळाला तो केइको ताकेमिया यांच्या ‘तेरा ए’ला.

लेइजी मात्सुमोतोंची ‘गिंगा तेत्सुदो ९९९’ १९७७ ची. श्रीमंतांनी पोलादी शरीरं विकत घेतली आहेत, ते मरत नाहीत. गरीब हाडामांसाचेच राहिलेत आणि त्यांची शिकार होते. आई गमावलेला तेत्सुरो फुकटचं यांत्रिक शरीर मिळवायला ताऱ्यांमधून जाणाऱ्या आगगाडीत चढतो. गाडीचं इंजिन बाहेरून थेट जपानी रेल्वेच्या सी-६२ जातीच्या वाफेच्या इंजिनासारखं आहे. क्युशूहून आगगाडीनेच तोक्यो गाठणाऱ्या तरुण मात्सुमोतोंचा स्वतःचा प्रवास त्यात आहे. गाव सोडून कामासाठी गाडीत बसलेल्या त्यांच्या पिढीतल्या कितीतरी मुलांचाही आहे.

विषारी जंगलांचं मूळ मात्र युद्धात नव्हतं. मिनामाता या किनाऱ्यावरच्या गावातला चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना पारायुक्त सांडपाणी उपसागरात सोडत होता. मासे खाणाऱ्यांचे हातपाय वाकडे होऊ लागले, वाचा गेली. १ मे १९५६ रोजी या आजाराची अधिकृत नोंद झाली. सांडपाणी थांबलं ते १९६८ साली. तोवर देशाची भरभराट जोरात चालली होती. हायाओ मियाझाकींनी पुढे सांगितलं, की मासेमारी थांबल्यावर त्या विषारी पाण्यात माशांचे थवेच्या थवे आल्याचं ऐकून आपण हादरलो. फेब्रुवारी १९८२ मध्ये सुरू झालेली त्यांची ‘नाउसिका’ ही मंगा मालिका त्या हादऱ्यातून उभी राहिली. महायुद्धाला हजार वर्षं झालीत, जमिनीवर विषारी बुरशीचं रान पसरलंय, आणि तेच रान मातीतलं विष शोषून ती शुद्ध करतंय.

तिच्यावरचा चित्रपट पाहून थांबलेल्यांना अर्धीच गोष्ट ठाऊक असते. मंगा मध्ये मध्ये थांबत १९९४ पर्यंत चालला आणि शेवटी मियाझाकींनी स्वतःचाच दिलासा मागे घेतला. ते रान पूर्वीच्या माणसांनी मुद्दाम घडवलेलं निघतं. आताची माणसंही विषासोबत जगता यावं म्हणून बदलून ठेवलेली निघतात. हवा पूर्ण शुद्ध झाली तर त्या हवेतच ती मरतील. हे जंगल कुणाच्या हातातली पेटी होती, हे नाउसिकाला सातव्या खंडात कळतं.

आता पुन्हा ‘अकिरा’. ओतोमो १९५४ साली मियागीत जन्मले आणि सत्तरच्या दशकात तोक्योत आले. विद्यार्थी आंदोलनांचा धुरळा तेव्हा पुरता बसला नव्हता. ६ डिसेंबर १९८२ या दिवशी तोक्योवर काळ्या अर्धगोलाचा स्फोट होतो आणि मग मोटारसायकलवरच्या बेकार पोरांचं २०१९ मधलं नव-तोक्यो दिसू लागतं. तिसऱ्या खंडाच्या शेवटी शहर पुन्हा कोसळतं तेव्हा पानामागून पानं शब्दच नाहीत. काचा सुटतात, मजले दुमडतात, समुद्र रस्त्यांत शिरतो. ओतोमोंनी एकेक खिडकी आखली आहे. वाचणारा पानं भराभर उलटू शकत नाही.

अकिरा आणि तेत्सुओ ही लष्कराने प्रयोगासाठी वापरलेली मुलं. योकोयामांच्या कथेत लष्कराने पोलाद घडवलं होतं, इथे मुलाच्या डोक्यात शक्ती जागवली. हिसकावून घ्यायला आता पेटीच नाही. तेत्सुओचा तुटलेला हात भंगार लोखंडाचा होतो आणि मग त्याचं शरीर त्यालाच आवरेनासं होतं. मासामुने शिरो यांच्या १९८९ च्या ‘घोस्ट इन द शेल’मध्ये मेंदू सोडून बाकी सगळं यंत्रच असलेली मोतोको कुसानागी येते. तिथे अंतर मोजायलाही काही उरलेलं नाही.

२००३ साली नाओकी उरासावा पुन्हा मुळाकडे वळले. अ‍ॅटमच्या मूळ गोष्टीत त्याचा जन्मदिवस ७ एप्रिल २००३ असा दिला होता. तो दिवस खरोखर आला तेव्हा साइतामातल्या निइझा शहराने त्याला मानाचं रहिवासीपद दिलं. त्याच वर्षी उरासावांनी तेझुकांच्या १९६४-६५ मधल्या एका गाजलेल्या अ‍ॅटमकथेवरून ‘प्लुटो’ सुरू केली. तिकडे इराकवर नुकताच हल्ला झाला होता. ‘प्लुटो’तही महासंहारक रोबो शोधायला पर्शियात एक पथक जातं आणि मागोमाग युद्ध येतं.

त्या युद्धातून परतलेला एक रोबो स्कॉटलंडमधल्या एका वाड्यात अंध संगीतकार डंकनकडे नोकर म्हणून राहतो. नाव नॉर्थ क्रमांक २. अंगरख्याखाली सहा हात आहेत, सगळे हत्यारांचे. त्याला पियानो शिकायचाय. यंत्राला संगीत काय कळणार, म्हणून म्हातारा त्याला हुसकावतो. परत लढाईवर जायचं नाही म्हणून शिकायचंय, असं तो सांगतो. पुढे डंकन त्याला शेजारी बसवून घेतो. आणि मग एके दिवशी रोबोंना संपवत सुटलेला प्लुटो येतो आणि नॉर्थ क्रमांक २ ला अंगरखा टाकून वर उडावं लागतं. खाली डंकनला काही दिसत नाही. आकाशातून त्याच्या बालपणीची चाल ऐकू येते. तो वर तोंड करून नॉर्थला सांगतो, लवकर परत ये, पियानोचा सराव राहिलाय.