बत्तीस मिलिमीटरचं दार

पक्ष्यांनी घरटं करावं म्हणून बाल्कनीत लाकडी पेटी टांगली की आठवड्याभरात तक्रार सुरू होते: रात्री आत कोणी झोपायलाच येत नाही. येणारही नाही. बहुतेक पक्ष्यांचं घरटं म्हणजे फक्त बाळंतपणाची खोली. अंडी घालायची, पिल्लं वाढवायची आणि निघून जायचं. घरट्यात रात्र काढते ती उबवणारी मादी, आणि पुढे पिल्लं अंगावर पिसं येईपर्यंत तिच्या उबेला असतात तेवढंच. बाकीच्यांचा मुक्काम रातथाऱ्यावर, म्हणजे रात्री झोपायच्या ठरलेल्या जागेवर.

मुंबईत रातथारा शोधावा लागत नाही, तो ऐकू येतो. दिवेलागणीला स्टेशनबाहेरच्या एखाद्या पिंपळावर साळुंक्यांचा जो कल्ला चालतो, तोच. चिमण्यांना बोगनवेलीची काटेरी जाळी आवडते, कारण तिथे मांजर सहज शिरत नाही. आणि पक्ष्यांची झोप आपल्यासारखी गाढ नसतेच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की रांगेत झोपलेल्या बदकांपैकी कडेची बदकं मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवतात आणि उघडा ठेवलेला डोळा बहुधा बाहेरच्या बाजूचा असतो. मधली बदकं मात्र बहुतेकदा बिनधास्त दोन्ही डोळे मिटतात.

घरट्यात न झोपण्याच्या या रीतीला अपवाद आहेत. तांबट हा त्यातला मुंबईकरांच्या ओळखीचा. हिरवा, लाल कपाळाचा, उन्हाळाभर ‘टुक-टुक-टुक’ करत बसणारा. तो वठलेल्या फांदीच्या खालच्या बाजूला चोचीने गोल भोक कोरतो. त्यात वीण तर होतेच, पण एरवी रात्रीही तो ढोलीत झोपतो. तांबट आणि सुतार पक्षी हे ढोल्यांचे कारागीर. दयाळ, साळुंकी, राखी वल्गुली अशा पक्ष्यांच्या चोचीत लाकूड कोरण्याचं बळ नाही. दुसऱ्याने कोरून सोडलेली किंवा फांदी कुजून तयार झालेली पोकळी शोधायची, एवढंच त्यांच्या हाती. पिंगळ्याचंही तेच. आता वठलेली फांदी शहरात टिकते किती? पावसाळ्याआधीच्या छाटणीत पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. रस्त्यावरून माणसं जातात, ती पाडावी लागते हे मान्य. पण ही छाटणी नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे ऐन विणीच्या हंगामात होते.

चिमणीचं गणित थोडं वेगळं. तिला झाडाची ढोली चालते, पण तिने मुक्काम ठोकला तो माणसाच्या घरात. गिरगाव-परळच्या चाळींत मंगलोरी कौलांखाली, तुळईच्या खाचेत, तसबिरीच्या मागे, पंख्याच्या वाटीत, विजेच्या मीटरच्या पेटीवर गवताच्या काड्या लोंबायच्या. काचेच्या नि गुळगुळीत सिमेंटच्या इमारतीत तशी फट उरत नाही. जिथे कबुतराला बसायला सज्जा मिळतो, तिथे चिमणीला शिरायला भोक नसतं.

पोकळी किती दुर्मीळ असते याचं एक टिपण पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी शाळकरी वयात, १९०६-०७च्या सुमारास लिहून ठेवलं आहे. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, आणि बाहेर खिळ्यावर चिमणा पहारा देत असलेला. छोट्या सलीमने चिमण्याला छऱ्याच्या बंदुकीने टिपलं. थोड्याच वेळात तिथे दुसरा नर हजर. त्यालाही टिपलं, तर तिसरा. सात दिवसांत आठ नर गेले. आज वाचताना अंगावर काटा येतो, पण त्यातून कळणारी गोष्ट मोलाची आहे. वीण करू शकणारे नर आसपास होतेच, फक्त जागेविना ताटकळत होते. चिमण्यांत आधी भोक नर धरतो, त्याच्या तोंडाशी बसून चिवचिवाट करतो आणि मग मादी येते. म्हणून पेटी टांगल्यावर एकटाच चिमणा तिथे बसून दिवसभर ओरडत असेल, तर वैतागू नका. सुरुवात तशीच होते.

पेटीत कोण येणार हे तिच्या दाराच्या मापावर ठरतं. बत्तीस मिलिमीटर व्यास, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून थोडंसं मोठं भोक, चिमणीला पुरतं. साळुंकी त्यात शिरू शकत नाही. तेच भोक पाच-सहा सेंटिमीटरचं केलं की दयाळ येऊ शकतो, पण त्याच्याआधी साळुंकी येण्याचीच शक्यता जास्त. ती दांडगट आहे, आतलं सामान बाहेर फेकून ताबा घेते. भोकाखाली बसायला दांडी लावलेल्या, रंगीत छपराच्या पेट्या बाजारात मिळतात. माझ्या मते त्या शोभेच्याच. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला दांडीची गरज नसते, तो थेट काठ पकडतो. दांडीचा उपयोग कावळ्याला. तो तिच्यावर बसून आत मान घालतो.

दयाळाची वीण पाहायला मिळाली तर नशीब. काळा-पांढरा नर मार्चपासून अंधार असतानाच गायला लागतो. अंडी चार-पाच, उबवते मादी एकटी, बारा-तेरा दिवस. नर जवळच्या तारेवर बसून राखण करतो आणि दुसरा दयाळ दिसला की तुटून पडतो. पिल्लं निघाल्यावर खरी गंमत सुरू होते. आईबाप चोचीत अळी किंवा नाकतोडा घेऊन आत शिरतात आणि परतताना बऱ्याचदा चोचीत एक पांढरी, ओलसर गोळी असते. ती पिल्लाची विष्ठा! चिवट पातळ आवरणात बंद होऊनच ती बाहेर पडते. पिल्लू खाऊन झालं की वळून पाठ वर करतं, आईबाप ती गोळी अलगद उचलतात आणि लांब नेऊन टाकतात. त्यामुळे घरटं कोरडं राहतं आणि वासावर येणाऱ्या शत्रूला माग लागत नाही.

चिमण्यांचं घरटं पाहिलं तर आत कधीकधी कडुलिंबाची हिरवी पानं सापडतात. घरट्यातल्या किडी दूर ठेवायला ती आणली जात असावीत, असं भारतातल्याच एका अभ्यासात सुचवलं गेलं. मेक्सिको सिटीतल्या चिमण्या तर सिगारेटची थोटकं आणतात. थोटकातले तंतू जास्त असलेल्या घरट्यांत रक्तपिपासू किडी कमी आढळल्या. निकोटीन हे मुळात तंबाखूच्या झाडाचं कीटकनाशकच. पिल्लांना त्याचा अपायही होतो, त्यामुळे कौतुक बेतानेच करावं.

मुंबईत पेटीचा मोठा शत्रू ऊन. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात, तापलेल्या पेटीत पिल्लं चोच उघडून नुसती धापा टाकतात. म्हणून पातळ प्लायवूड किंवा पत्रा नको. दीड-दोन सेंटिमीटर जाडीची, रंग-पॉलिश न केलेली फळी घ्यावी. छपराखाली हवेसाठी आणि तळाला पाणी निथळायला बारीक भोकं हवीत. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, म्हणजे दुपारचं ऊन आणि नैर्ऋत्येचा पाऊस दोन्ही चुकतात. दारापासून तळ बारा-पंधरा सेंटिमीटर खोल, आणि आतली भिंत खरखरीत, पिल्लांना चढून यायला. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ टांगू नये, तिथे गरम झोत येतो. विणीच्या काळात पेटी उघडून पाहू नये. बघायचंच असेल तर आधीपासून आत छोटा कॅमेरा बसवून ठेवावा.

आणि चिमणीला तांदूळ टाकून निभत नाही. मोठी चिमणी दाणे खाते, पण पहिल्या काही दिवसांत पिल्लांना किडे आणि अळ्याच लागतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२०च्या अहवालाने सांगितलं की देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर आहे, घट आहे ती मुंबईसह मोठ्या महानगरांत. ज्या सोसायटीत दर पंधरवड्याला कुंपणाच्या झुडपांवर औषध फवारलं जातं, तिथे पेटी कितीही मापात असली तरी पिल्लं उपाशी राहतात. पेटी लावण्याच्या खटपटीआधी सेक्रेटरींशी फवारणीबद्दल बोललेलं बरं.

साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात आणि तेव्हा त्यांना नीट उडता येत नसतं. कंपाउंडमध्ये जमिनीवर फुदकणारं, छातीवर ठिपके असलेलं दयाळाचं पिल्लू दिसलं की कोणीतरी दयेने खोक्यात घालून घरी नेतं. ते हरवलेलं नसतं. आईबाप आसपासच असतात आणि पुढे बरेच दिवस त्याला भरवतात. मांजर किंवा गाडीची भीती असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देते, ही समजूत खोटी आहे.