युद्धोत्तर ऐतिहासिक रहस्यकादंबरी

युद्ध संपल्यानंतरच्या काळात घडणारी आणि त्या युद्धातून उरलेल्या एखाद्या गूढाचा तपास करणारी कादंबरी. लढाई तिच्यात बहुधा कथानक सुरू होण्याआधीच आटोपलेली असते. तह होतो, फौजा पांगतात, घरोघरी कोण आले आणि कोण आले नाही याची मोजदाद सुरू होते, आणि तिथून रहस्याला तोंड फुटते. नेहमीच्या रहस्यकथेत ‘खून कोणी केला’ हा प्रश्न असतो. इथे बहुतेकदा त्याहून अवघड प्रश्न असतो : परत आलेला माणूस तोच आहे का? दाखवला जाणारा कागद खरा आहे का? आणि न्याय करायचा तो कोणत्या राज्याच्या कायद्याने? या तिन्ही प्रश्नांसाठी सातारा-सांगलीच्या मुलखाइतका तयार ऐवज महाराष्ट्रात क्वचितच दुसरीकडे सापडेल.

ओळखीचा पेच : सातारच्या गादीची सुरुवातच अशा पेचातून झाली. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा शाहू सात वर्षांचा होता. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये तो सुटून आला तेव्हा ऐन पंचविशीत होता. मधली अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत गेलेली. हा शाहू नव्हेच, तोतया आहे, असे ताराबाईंच्या बाजूने सांगितले गेले आणि सरदारांकडून दूधभाताच्या शपथा घेववल्या गेल्या. ताराबाईंच्या बाजूचे खंडो बल्लाळ आणि धनाजी जाधव यांची खात्री पटली, खेडच्या लढाईत पारडे फिरले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूला राज्याभिषेक झाला. लढाईचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. कादंबरीकाराला खरे हवे ते खेडच्या आधीचे दिवस : सात वर्षांच्या मुलाची कोणती खूण पंचवीस वर्षांच्या पुरुषात ओळखू येते, आणि ती ओळखणाऱ्याचा स्वार्थ कशात आहे?

पानिपतानंतर (१४ जानेवारी १७६१) हाच प्रश्न उलट दिशेने आला. सदाशिवरावभाऊ पडले की निसटले याबद्दल लोकांच्या मनात शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी स्वतःला विधवा मानले नाही. भाऊ म्हणून पुढे आलेल्या तोतयाला पकडून कैदेत टाकले, तरी १७७६ मध्ये रत्नागिरीहून सुटताच त्याने कोकणात हजारोंचा जमाव उभा केला. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहांत शिक्षा झाली. एवढी माणसे फसली की त्यांना फसायचेच होते, हे ठरवताना तपास करणाऱ्या पात्राचा कस लागतो.

१८१८ चा सातारा : या प्रकारासाठी सर्वांत श्रीमंत काळ. १० फेब्रुवारीला अजिंक्यतारा इंग्रजांच्या हाती आला आणि दुसऱ्याच दिवशीच्या तारखेने कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याचा जाहीरनामा निघाला : बाजीरावाचे राज्य गेले, पण वतने, इनामे आणि देवस्थानांची उत्पन्ने चालू राहतील. आष्टीच्या लढाईत पेशव्याचे सेनापती बापू गोखले पडले आणि पेशव्याच्या सैन्याबरोबर फिरवले जाणारे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांकडे आले. त्याआधी त्यांना कोयनेच्या खोऱ्यातल्या वासोट्यावर ठेवले होते. याच किल्ल्यावर पेशव्याने दोन इंग्रज अधिकारीही डांबले होते. तोफा डागल्यावर एप्रिलमध्ये वासोटा पडला. त्याच महिन्यात प्रतापसिंह गादीवर बसले, पण कारभार पाहत होता तिशीही न गाठलेला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने नीरा ते वारणा असा मुलूख छत्रपतींचा ठरला. पूर्ण अधिकार हाती यायला १८२२ उजाडले.

म्हणजे चार वर्षे एकाच शहरात दोन सत्ता. पाटील, कुलकर्णी, पंचायत जुनीच. त्यांच्यावर नवा साहेब. अशा शहरात खून झाला तर फिर्याद कोणाकडे न्यायची, हा प्रश्न नुसता सजावटीचा राहत नाही. त्याच्यावर कथानक फिरते. तपासासाठी इथे गुप्तहेर पैदा करण्याची गरज नाही. मोडी वाचणारा, दोन्ही दरबारांत ऊठबस असलेला आणि दोन्हीकडे अर्धवट विश्वासाचा एखादा कारकून पुरेसा आहे. नायकाला तलवार देण्याचा मोह मराठी लेखकांना अनावर होतो. या प्रकारात ती अडचणच होते.

पुरावाही कागदातच दडलेला असतो. इनामे चालू राहणार म्हटल्यावर सनद ही चीज सोन्याची झाली, आणि जिथे सनदेला मोल तिथे बनावट सनद आलीच. महजरावर, म्हणजे पंचायतीच्या निवाड्याच्या कागदावर, साक्षीदारांच्या निशाण्या असतात : पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी. पेशव्यांच्या पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ हा छोटा शिक्का असतो. हस्ताक्षर, शाई, शिक्क्याची झीज यांवर बनाव पकडता येतोच, पण खरा सापळा तारखेत आहे. या कागदांवर अरबी संख्याशब्दांत लिहिलेले सुहूर सन, म्हणजे त्या काळच्या दरबारी वर्षगणनेचे साल, असते आणि ते चैत्रात नव्हे, मृग निघाल्यावर, जूनच्या आरंभी बदलते. ‘समान अशर मयातैन व अलफ’ म्हणजे १२१८ हे साल जून १८१७ ते जून १८१८ एवढेच चालले. बाजीराव ३ जून १८१८ रोजी इंग्रज सेनाधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. तेव्हा पेशव्याच्या शिक्क्याच्या सनदेवर ‘तिसा अशर’, म्हणजे पुढचे साल, दिसले तर ती सनद राज्य बुडाल्यानंतरची आहे. शिक्का खरा असला तरी. एखाद्या जुन्या फडातल्या माणसाने शिक्का लपवून ठेवला होता, इथपर्यंत कथा आपोआप पोहोचते. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि असे कागद तपासणीसाठी बाहेर काढावे लागले. बापाने केलेला बनाव मुलाच्या गळ्याशी येण्याची सोय इतिहासानेच करून ठेवली आहे.

१८५७ नंतर : प्रतापसिंहांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीला पाठवले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत झगडून रिकाम्या हाताने परतले. दरम्यान १८४८ मध्ये राज्य खालसा झाले होते. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना फाशी, तोफ आणि बंदुकीने मारण्यात आले; त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. बाप मात्र सरकारच्या हाती कधीच लागला नाही. त्यांना शोधणारा कंपनीचा नोकर साताऱ्याचाच असेल, तर त्याला ते सापडावेत असे वाटते की नाही, हे वाचकाला शेवटपर्यंत कळू न देणे शक्य आहे.

महायुद्धांनंतर : साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, गावाला मिलिटरी अपशिंगे म्हणतात. मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करल्यावर हजारो कैदी अनातोलियाकडे चालवत नेले गेले. बसऱ्याच्या स्मारकावर ज्यांची कबर वा दहनस्थान ठाऊक नाही अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांची नोंद आहे. प्रेत नाही, म्हणजे खात्री नाही. बायकोचे कुंकू, भावकीतली जमीन, पेन्शन, सगळे त्या एका ‘बेपत्ता’ शब्दावर टांगलेले. शाहूच्या वेळी दरबारात झालेली चौकशी इथे चावडीवर होते.

दुसऱ्या महायुद्धाचा शेवट या भागात प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत समांतर सरकारच्या, शेवटाशी जुळतो. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९४३ ते १९४६ या काळात गावोगाव न्यायदान मंडळे आणि तुफान सेना चालत होत्या. भूमिगत बाहेर आले तेव्हा खबर कोणी दिली होती, हा प्रश्नही बाहेर आला. रहस्य म्हणून याहून धारदार विषय नाही, पण त्या माणसांची नातवंडे आज त्याच गावांत राहतात. खऱ्या आडनावांशी खेळ करणाऱ्या लेखकाला त्याची किंमत मोजावी लागेल. काल्पनिक गाव बरे. मात्र त्या गावाचा जिल्हा लिहिताना सावध राहावे : तेव्हा सांगली हे पटवर्धनांचे संस्थान होते; तासगाव आणि वाळवे तालुके सातारा जिल्ह्यात होते, १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. १९४६ च्या फिर्यादीवर ‘जिल्हा सांगली’ असे लिहिलेले दिसले, तर चाणाक्ष वाचक तो कागद बनावट समजून नको त्या पात्रावर संशय घेईल.