क्लिनिकल पोस्टिंगचा कालावधी

वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका विभागात रुग्णांजवळ राहून शिकावे यासाठी नेमून दिलेली मुदत. ती संपली की तुकडी पुढच्या विभागात जाते.

पद्धतीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. इटलीतील पादुआच्या सान फ्रान्चेस्को रुग्णालयात जोव्हान्नी बात्तिस्ता दा मोंते या वैद्याने १५४० च्या दशकात खाटेपाशी शिकवायला आरंभ केला, असे परंपरेने मानतात; पण ते अध्यापन कितपत नियमित होते, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. १६३६ च्या सुमारास नेदरलँड्समधील उत्रेख्त व लायडन येथे ते विद्यापीठीय शिक्षणात आलेले दिसते. लायडनच्या १२ खाटांना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हर्मन बोअरहाव्ह या प्राध्यापकामुळे युरोपभर कीर्ती लाभली. तेथेही विद्यार्थी बहुधा प्रेक्षकच. त्यामुळे आजच्या पोस्टिंगचे मूळ लंडनच्या रुग्णालयांतील ‘क्लार्क’ (रुग्णाच्या नोंदी लिहिणारा) व ‘ड्रेसर’ (जखमा बांधणारा, शस्त्रवैद्याचा मदतनीस) या उमेदवारांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते (कवी जॉन कीट्स १८१६ मध्ये गायज रुग्णालयात ड्रेसर होता). विल्यम ऑस्लर या वैद्याने हीच रीत अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयात (स्थापना १८९३) रुजवली. अमेरिकी वैद्यकीय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने तो नमुना प्रमाण मानला.

पुढे विषय वाढले, वर्ष तेवढेच राहिले. भारतात १९९७ च्या नियमांप्रमाणे अंतिम परीक्षेनंतरच्या सक्तीच्या इंटर्नशिपच्या १२ महिन्यांत मेडिसिन, सर्जरी, प्रसूती-स्त्रीरोग व सामाजिक वैद्यक यांना प्रत्येकी २ महिने, तर नेत्ररोग, कान-नाक-घसा व कॅज्युअल्टी (तातडीचा विभाग) यांना १५-१५ दिवस मिळत. युनिटची (विभागातील डॉक्टरांच्या एका गटाची) ओपीडी आठवड्यातून एकदाच असेल, तर १५ दिवसांत दोनच ओपीड्या हाती लागतात. त्यांतली पहिली तर केसपेपर कुठे ठेवतात हे कळण्यातच सरते.

लेखी गुणांवर मुदतीचा परिणाम सहसा थोडाच आढळतो, कारण वाचन रात्री उरकता येते. शिवाय तेच पोस्टिंग वर्षाच्या उत्तरार्धात करणाऱ्यांना गुण अधिक पडतात, म्हणून तुलनाही सरळ नसते. खरा फरक विश्वासाचा. काल आलेल्या मुलाच्या हाती कोणी टाक्याची सुई देत नाही. दुसरा फरक आजाराच्या ओघाचा : फुप्फुसाच्या क्षयाचे नेहमीचे उपचार ६ महिने चालतात, थुंकीची फेरतपासणी दुसऱ्या महिन्याअखेर होते. दोन आठवड्यांचा विद्यार्थी खोकला ऐकतो, औषधे सुरू होताना पाहतो. रुग्णाचे वजन वाढलेले पाहत नाही.

या उणिवेवर विभागवार फिरतीऐवजी दीर्घ सलग कार्यकाळाचा उपाय पुढे आला : अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाची ग्रामीण योजना (१९७१, सुमारे ९ महिने), ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठ (१९९७), हार्वर्डशी संलग्न, अमेरिकेतीलच केंब्रिज येथील योजना (२००४). विद्यार्थी गरोदर स्त्रीला तपासणीपासून बाळंतपणापर्यंत सोबत करतो. असे विद्यार्थी परीक्षेत मागे पडले नाहीत. मात्र त्यांतील बरेच जण स्वेच्छेने आलेले, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही आठवड्यांच्या संख्येपेक्षा रुग्ण आणि शिक्षक तेच राहणे महत्त्वाचे, हे मत अधिक पटणारे आहे.

भारतात २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमाने मेडिसिन, सर्जरीसारख्या विषयांची पोस्टिंग्ज टप्प्याटप्प्याने पुन्हा येतील अशी रचना केली. २०२१ च्या इंटर्नशिप नियमांत सामाजिक वैद्यकाला १२ आठवडे आहेत, मनोविकारशास्त्राला २.